भाड्याची थकबाकी आणि घरमालकाचा कायदेभंग : पार्श्वभूमी

घरमालकाने पाणी तोडले, दुरुस्ती टाळली किंवा कायद्याच्या मर्यादेपलीकडे भाडे मागितले, तर भाडेकरूने भाडे थांबवावे का, हा प्रश्न मुंबईत १९१८च्या युद्धकालीन भाडेनियंत्रणाइतका जुना असला, तरी त्याची चौकट पक्की झाली ती १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने. या कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याला मान्य असलेले कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले, त्याहून अधिकची वसुली बेकायदा ठरवली आणि दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली. मात्र मालकाचा कसूर आणि भाडेकरूची थकबाकी यांची वाट वेगळीच ठेवली.

सर्वाधिक घोळ झाला तो कलम १२(३)(अ)चा. भाडे दरमहा देय, प्रमाण भाड्याविषयी वाद नाही, थकबाकी सहा महिन्यांची वा अधिक आणि नोटिशीनंतर महिनाभरात ती भरलेली नाही, अशा स्थितीत घर रिकामे करण्यापासूनचे भाडेकरूचे संरक्षण संपत असे. यातला ‘वाद’ लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, प्रथमच उपस्थित केला तर चालेल का, यावर दीर्घकाळ खल झाला. अखेर १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नोटिशीनंतरच्या महिन्याभरातच उपस्थित व्हायला हवा, असा निर्णय दिला. कायद्याचा अन्वयार्थ म्हणून तो सुसंगत असेलही. पण जादा भाडे आकारले जात आहे, हे ज्याला वकिलाकडे गेल्यावरच कळले, त्या चाळकऱ्याचा आक्षेप खरा असूनही उशिरा आला म्हणून वाया जाई. मुदत चुकवण्याची इतकी जबर किंमत त्याच्याकडून घेणे न्याय्य नव्हते.

१९८७च्या दुरुस्तीने प्रमाण भाड्याविषयी वाद असलेल्या आणि नसलेल्या थकबाकीतला हा भेद काढला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मागणीच्या नोटिशीनंतर ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरून पुढे नियमित भाडे देणाऱ्यावर निष्कासनाचा, म्हणजे घर रिकामे करण्याचा, हुकूम होत नाही. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, तरीही भाडे नाकारून थकबाकी उभी करण्याचे प्रकार घडतात. म्हणूनच मनिऑर्डरने भाडे पाठवून तिची पोच जपण्याची रीत पडली.

दुरुस्ती न करणाऱ्या मालकाला नोटीस देऊन भाडेकरू स्वतः ती करू शकतो, पण खर्चाची वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापुरतीच. पाणी किंवा वीज तोडल्यास कलम २९ खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तो प्रलंबित असला, तरी भाडे थांबवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.