डी अँड डी सोडवत का नाही? थोडी पार्श्वभूमी

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स: टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम. जानेवारी २०२३पर्यंत त्याच्या पक्क्या खेळाडूला ‘जरा दुसरा गेमही खेळून बघ’ म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पर्याय होते की. डी अँड डी आला १९७४ला आणि १९८१पर्यंत ट्रॅव्हलर, रूनक्वेस्ट, कॉल ऑफ कथुलू हे सगळे बाजारात होते. घोडं पेंड खाऊ लागलं ते २०००मध्ये.

त्या वर्षी तिसऱ्या आवृत्तीबरोबर मालक कंपनीने ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल, काढलं. मूळ नियमांचा मोठा भाग कोणीही रॉयल्टी न देता वापरावा. दिसायला औदार्य, पण हिशेब पक्का होता: छोट्या प्रकाशकांनी स्वतःची नियमपद्धती रचत बसण्याऐवजी आमच्याच वीस पैलूंच्या फाशावर पुस्तकं काढावीत, म्हणजे खप शेवटी आमच्या मूळ पुस्तकाचा. तसंच झालं. भुताटकी असो की अंतराळ, नियम तेच. चौथ्या आवृत्तीला, २००८मध्ये, कंपनीने लायसन्स आवळलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकाशकाचा पाथफाइंडर हा गेम निघाला, तोही तिसऱ्या आवृत्तीचेच नियम घेऊन. लोक हलले खरे, पण जुनं टिकवायला.

आता २०२३चा वाद. ओजीएलचं नववं कलम सांगतं की लायसन्सची कुठलीही ‘अधिकृत’ आवृत्ती वापरा. अधिकृत कोणती हे कोण ठरवणार, ठरवलेलं मागे घेता येतं का, यावर अवाक्षर नाही. चौथं कलम लायसन्स कायमचं आहे म्हणतं, पण ते रद्द होणार नाही असं कुठेच म्हणत नाही. कंपनीच्याच जुन्या प्रश्नोत्तरांत मात्र स्पष्ट होतं, की नवे बदल पटले नाहीत तर आधीची आवृत्ती वापरत राहा. त्या भरवशावर लोकांनी वीस वर्षं धंदा केला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फुटलेल्या नव्या लायसन्सच्या मसुद्यात जुनी आवृत्ती अनधिकृत ठरवून टाकली होती, वर साडेसात लाख डॉलरपुढच्या वार्षिक उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी. कोर्टात हे टिकलं असतं का, यावर वकिलांचंही एकमत नव्हतं. माझ्या लेखी तो शब्द फिरवण्याचाच प्रकार.

चाहत्यांनी कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी रद्द करायचा सपाटा लावला. २७ जानेवारीला माघार आली: जुनं ओजीएल जसंच्या तसं, शिवाय पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली. तोवर पाथफाइंडरचा एरवी आठ महिने पुरणारा साठा दोन आठवड्यांत संपला होता, असं त्याच्या प्रकाशकाने सांगितलं. त्याच प्रकाशकाने वर्षअखेरीस पाथफाइंडरचे नियम ओजीएलमधून सोडवून घेतले, त्यात ‘मॅजिक मिसाइल’ या मंत्राचं ‘फोर्स बराज’ झालं.

सवयीचं काय करणार? डी अँड डीवाल्याला फासा जास्त पडलेला हवा असतो. कॉल ऑफ कथुलूत पात्राचं ‘लायब्ररी यूज’ हे कौशल्य ४५ असेल, तर शंभरात ४५ किंवा त्याहून कमी पडायला हवेत. पहिल्या वन-शॉटला, म्हणजे एका बैठकीत संपणाऱ्या खेळाला, अर्धं टेबल ९६ पडल्यावर टाळ्या वाजवतं. त्यात डिजिटल सेवेवर विकत घेतलेली पुस्तकं दुसऱ्या गेममध्ये काहीच कामाची नाहीत, हे दुखणं वेगळंच.

२०२५मध्ये एका गाजलेल्या डी अँड डी शोच्या मंडळींनी डॅगरहार्ट हा स्वतःचा गेम काढला, दोन बारा पैलूंच्या फाशांचा. त्याच वर्षी त्यांची चौथी कॅम्पेन, म्हणजे अनेक भाग चालणारी कथा, सुरू झाली, ती डी अँड डीवर.