ग्राफिक्स कार्ड : जुन्या व नव्या कार्डांच्या कार्यक्षमतेची तुलना

दोन वेगवेगळ्या पिढ्यांची ग्राफिक्स कार्डे एकाच कामाला लावून, कोणते ते किती वेगाने पार पाडते हे ठरवण्याची पद्धत. सातारा-सांगलीच्या बाजारात ही तुलना बहुधा एकाच प्रश्नात उरकते : ‘किती जीबीचं कार्ड आहे?’ जीबी ही कार्डावरील मेमरीची धारणक्षमता; वेगाशी तिचा संबंध दूरचा. मॉडेलचा क्रमांक आणि कोअरची (चिपमधील आकडेमोड करणाऱ्या घटकांची) संख्या यांचेही तेच. हे आकडे एका पिढीतल्या भावंडांत उपयोगी पडतात. पिढी बदलली की त्यांचा अर्थही बदलतो.

संज्ञा व सुरुवात : तुलना किती मागे न्यायची, हा प्रश्न ‘पहिला जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट, म्हणजे चित्रे तयार करणारी कार्डावरची मुख्य चिप) कोणता’ या जुन्या वादात अडकलेला आहे. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना त्याला जगातला पहिला जीपीयू म्हटले आणि जाहिरातीतले हे विधान पुढे संदर्भलेखनातही शिरले. मात्र सोनीने १९९४ च्या प्लेस्टेशनमधील चित्रचिपसाठी हीच आद्याक्षरे आधी वापरली होती. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची ‘टीएमएस ३४०१०’ ही प्रोग्रॅम करता येणारी चिप १९८६ ची. एनईसीची ‘७२२०’ त्याहून जुनी, साधारणपणे १९८० च्या दशकाच्या आरंभाची. जीफोर्स २५६ चे वेगळेपण इतकेच, की त्रिमितीय आकृतीतील बिंदूंचे स्थानांतर आणि प्रकाशयोजना यांची आकडेमोड मुख्य प्रोसेसरकडून काढून घेऊन त्याने ती चित्र रंगवणाऱ्या चिपवरच आणली. व्यावसायिक कार्डांत हे काम निराळ्या चिपवर त्याआधीही होत असे. म्हणून ‘घरगुती संगणकासाठी, एकाच चिपवर’ अशी पुस्ती जोडली तर दावा मान्य करता येतो. एरवी तो जाहिरातीपुरताच ठेवलेला बरा. एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीने २००२ मध्ये ‘व्हीपीयू’ हा पर्यायी शब्द चालवून पाहिला, तो रुजला नाही.

प्रस्तुत विषयापुरती १९९९ पेक्षा २००६ ही सीमा अधिक सोयीची आहे. त्या वर्षीच्या ‘७९०० जीटीएक्स’मध्ये बिंदूंसाठी ८ आणि रंगकामासाठी २४ असे दोन प्रकारचे घटक होते. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘८८०० जीटीएक्स’ने तो भेद मोडून १२८ एकसारखे घटक दिले. (खेळाच्या कन्सोलमध्ये ही रचना एक वर्ष आधीच, ‘एक्सबॉक्स ३६०’मधील एटीआयच्या चिपने आणली होती.) कोअर मोजण्याची सवय येथून लागली आणि गैरसमजही येथूनच.

कोअरचा हिशेब : ‘जीटीएक्स ५८०’मध्ये ५१२ कोअर होते, २०१२ च्या ‘जीटीएक्स ६८०’मध्ये १,५३६. वेग मात्र तिप्पट झाला नाही. आधीच्या रचनेत कोअर उरलेल्या चिपच्या दुप्पट गतीने चालत; नव्या रचनेत ती दुप्पट गती काढून टाकून त्याऐवजी संख्या वाढवली गेली. सैद्धांतिक क्षमता सुमारे १.५८ टेराफ्लॉपवरून (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) ३.०९ वर, म्हणजे जेमतेम दुपटीवर गेली आणि प्रत्यक्ष खेळांतला फरक त्याहूनही कमी भरला.

‘जीटीएक्स १०८० टीआय’ (२०१७) आणि ‘आरटीएक्स ३०६०’ (२०२१) ही जोडी याहून बोलकी आहे. दोहोंत कोअर नेमके ३,५८४. कागदावर नवे कार्ड थोडे वरचढ : १२.७ टेराफ्लॉप, जुन्याचे ११.३. तरीही रे-ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढणे) नसलेल्या खेळांत जुने कार्ड बरोबरीने चालते, पुष्कळदा पुढेही राहते. नव्या रचनेतले निम्मे कोअर पूर्णांकांच्या आकडेमोडीतही गुंतत असल्याने सगळे ३,५८४ एकाच कामी क्वचितच लागतात. शिवाय जुन्याची बँडविड्थ (मेमरीतून माहितीची ये-जा होण्याचा वेग) सेकंदाला ४८४ जीबी, नव्याची ३६०. उलट रे-ट्रेसिंग लावले की जुने कार्ड बसते, कारण त्यासाठीचे खास घटक २०१८ च्या ‘आरटीएक्स २०’ मालिकेपासून आले. २०२४ च्या अखेरीपासून तर काही खेळ अशा घटकांविना सुरूच होत नाहीत. विजेच्या वापरातही तफावत आहे : २५० वॉट विरुद्ध १७०. पूर्ण भाराने रोज चार तास चालवल्यास महिन्याला सुमारे साडेनऊ युनिटांचा फरक पडतो.

नावातली फसगत : एकच नाव म्हणजे एकच कार्ड, असेही नाही. ‘जीटी १०३०’ची २०१७ ची जीडीडीआर५ प्रकारच्या मेमरीची आवृत्ती सेकंदाला ४८ जीबी देते, पुढच्या वर्षीची डीडीआर४ आवृत्ती सुमारे १७; दोन्हींवर २ जीबीच लिहिलेले. येथे नवे ते हळू. ‘जीटी ७३०’ या नावाखाली तर ९६ कोअरची जुनी आणि ३८४ कोअरची नवी अशा दोन निरनिराळ्या चिप विकल्या गेल्या.

मोजमाप : सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे) हे रूढ माप. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे प्रत्येकी १६.७ मिलिसेकंद, पण मधलेच एखादे चित्र ८० मिलिसेकंद अडले तर डोळ्याला खटकते आणि सरासरीत दिसत नाही. संगणकाच्या भागांचे परीक्षण लिहिणारे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये चित्रागणिक वेळ मोजण्याचा आग्रह धरला. आज दिला जाणारा ‘एक टक्का नीचांक’ (सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा वेग) त्याच विचारातला. चाचणी-प्रोग्रॅमवर सर्वस्वी विसंबणेही धोक्याचे. २००३ मध्ये थ्रीडीमार्क या चाचणी-प्रोग्रॅमच्या निर्मात्यांनी एनव्हिडियाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) चाचणी ओळखून वेगळे वागतो, असा अहवाल दिला आणि पुढच्याच महिन्यात शब्द सौम्य केले. हल्लीची अडचण फ्रेम-जनरेशनची, म्हणजे दोन खऱ्या चित्रांमध्ये कृत्रिम चित्रे घालण्याची. जानेवारी २०२५ मध्ये ‘आरटीएक्स ५०७०’ला ‘४०९०’च्या तोडीचे म्हटले गेले, ते मधली चित्रे अंदाजाने भरून. अशी चित्रे वगळूनच पिढ्यांची तुलना करावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सातारा-सांगली परिसर : परदेशी चाचण्या सहसा वातानुकूलित खोलीत, २०-२२ अंशांत होतात. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पंख्याचे कार्ड खोलीच्या तापमानावर ठरावीक अंशांनीच गरम होत असल्याने ३६ अंशांच्या खोलीत चिपही तेवढी जास्त तापते. १०८० टीआय ८४ अंशांच्या आसपास आपली गती उतरवू लागते. त्यामुळे छापील निकाल महाबळेश्वरात जुळेल, मिरजेत दुपारी जुळेलच असे नाही. जुन्या असेंबल्ड पीसीत नवे कार्ड बसवतानाही तूट येते : ‘आरटीएक्स ४०६०’ आठच लेनवर (कार्ड व मदरबोर्ड यांमधील माहितीच्या वाटांवर) चालते आणि २०२१ पूर्वीच्या बहुतेक इंटेल बोर्डांवर त्या लेनचा वेग निम्मा मिळतो. कार्डाची ८ जीबी मेमरी भरल्यावर ते जाणवते.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर आकडेमोड करून चलन मिळवणे) थांबल्यावर वापरलेली कार्डे सेकंडहँड बाजारात आली. त्यांत ‘आरएक्स ५८०’च्या नावाची, पण २,३०४ ऐवजी २,०४८ घटकांची कार्डेही आढळतात. वापरलेले कार्ड अर्धा तास पूर्ण भाराने चालवून तापमान व गती पाहतात. गती उतरत गेली तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून पुन्हा मोजतात. लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करणाऱ्यांसाठी खेळांतले आकडे फारसे कामाचे नाहीत, कारण व्हिडिओ बांधणारा घटक कोअरपासून स्वतंत्र असतो आणि एव्ही१ या व्हिडिओप्रकारात बांधण्याची सोय एनव्हिडियाच्या कार्डांत ‘आरटीएक्स ४०’ मालिकेपासूनच मिळते. फ्लेक्सच्या डिझाइनचे काम मुख्यतः प्रोसेसर व रॅम यांवर चालते.