पुरलेली, जळालेली, तळघरात राहिलेली: बेसबॉलच्या जुन्या फितींची पार्श्वभूमी

बेसबॉलचे आकडे जितके नीट जपले गेले, तितकी त्याची दृश्यं जपली गेली नाहीत. इंग्लंडहून अमेरिकेत आलेला पत्रकार हेन्री चॅडविक आधी क्रिकेटचे वृत्तांत लिहायचा. क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बेसबॉलचा तक्ता बसवला आणि कोणी किती फटके मारले, कोणाच्या हातून चेंडू सुटला, याची कागदोपत्री नोंद ठेवण्याची रीत पडली. कॅमेराही मैदानात लवकर पोचला. एडिसनच्या कंपनीने १८९८ मध्येच न्यूअर्कमधला एक सामना टिपला होता. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मोठमोठ्या सामन्यांची दृश्यं आज शोधायला जावं तर हाती तुकडेच लागतात. त्यातले कुठले तुकडे उरले, याचा सामन्याच्या मोठेपणाशी फारसा संबंध नाही. फीत कशाची बनली होती आणि ती कोणाच्या ताब्यात होती, यावर सगळं ठरलं.

सिनेमाच्या पहिल्या अर्धशतकात फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. चित्र तिच्यावर सुरेख उमटे, पण हे द्रव्य झटकन पेट घेतं आणि जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, त्यामुळे पाण्यात बुडवलं तरी विझत नाही. जुलै १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथलं फॉक्स कंपनीचं गोदाम जळालं आणि तिचे बहुतेक मूकपट त्या एका आगीत गेले. पुण्याला हे दुःख चांगलं ठाऊक आहे. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारात साठवलेली नायट्रेटची रिळं आगीत भस्म झाली, त्यांत प्रभातच्या चित्रपटांच्याही प्रती होत्या. कथापटांची ही गत, मग बातमीपटांना कोण विचारतो? सामन्याची दृश्यं काही दिवस चित्रपटगृहात दाखवायची आणि पुढच्या बातमीला जागा करून द्यायची, एवढंच त्यांचं आयुष्य.

१९१९ ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची वार्षिक अंतिम मालिका, यातून वाचली ती एका विलक्षण योगायोगाने. शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ खेळाडू जुगाऱ्यांशी संगनमत करून सिनसिनाटी रेड्सविरुद्ध मुद्दाम हरले, असा आरोप त्या मालिकेनंतर झाला. १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवलं, पण बेसबॉलचे पहिले कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना खेळातून कायमचं बाहेर काढलं. पहिल्या सामन्यात व्हाइट सॉक्सचा पिचर (चेंडू फेकणारा) एडी सिकॉट याने रेड्सच्या सलामीच्या बॅटरच्या अंगावर चेंडू मारला. सौदा पक्का असल्याची ती खूण होती, असं आजवर सांगितलं जातं.

या सामन्यांची एक फीत कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीत जाऊन पडली. सोन्याच्या शोधात आलेल्या माणसांनी वसवलेलं हे गाव वितरणाच्या वाटेचं शेवटचं टोक होतं. चित्रपट तिथे पोचेपर्यंत दोन-तीन वर्षं उलटलेली असत आणि रिळं परत मागवण्याचा खर्च कंपन्यांना नको असे. गावात ढीग साठत गेला. काही रिळं नदीत गेली, काही जाळली गेली आणि १९२९ मध्ये शेकडो रिळं एका बंद पोहण्याच्या तलावात भराव म्हणून टाकण्यात आली. त्यावर आइस हॉकीचं मैदान झालं. १९७८ मध्ये नव्या बांधकामासाठी खोदताना ती पुन्हा वर आली. जिथे तिथे जळून जाणारी नायट्रेटची फिल्म युकॉनच्या गोठलेल्या जमिनीने पन्नास वर्षं सांभाळली होती. पाचशेहून जास्त रिळं वाचली. त्यांतल्या एका बातमीपटात १९१९ ची वर्ल्ड सीरिज आहे, हे मात्र २०१४ मध्ये दिग्दर्शक बिल मॉरिसन कॅनडाच्या अभिलेखागारात हा साठा पाहत असताना लक्षात आलं.

फीत जेमतेम काही मिनिटांची आहे. पण पहिल्या सामन्यातली चौथी इनिंग, म्हणजे नऊपैकी चौथा डाव, तिच्यात आहे. सिकॉट चेंडू अडवतो, दुसऱ्या बेसकडे (धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्याकडे) फेकतो आणि एकाच चेंडूवर दोघांना बाद करायची संधी थोडक्यात हुकते. त्याच इनिंगमध्ये रेड्सनी पाच धावा काढल्या. फेक मुद्दाम संथ होती का? कितीही वेळा पाहिलं तरी ते ठरवता येत नाही, आणि मला हेच या फितीचं खरं मोल वाटतं. शंभर वर्षं आपण त्या इनिंगकडे निकाल आधीच माहीत असलेल्या माणसाच्या नजरेने पाहत आलो. इथे ती मैदानातल्या प्रेक्षकाला दिसली तशी दिसते.

घरगुती कॅमेऱ्याचं नशीब वेगळं होतं. कोडॅकने १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणला, तेव्हा घराघरांत आगी लागू नयेत म्हणून त्याची फिल्म सहज पेट न घेणाऱ्या अ‍ॅसिटेटची ठेवली. यांकीज संघाच्या बेब रूथच्या सर्वांत गाजलेल्या होमरनचा (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणाऱ्या फटक्याचा) पुरावा त्यामुळेच उरला. १ ऑक्टोबर १९३२, शिकागोचं रिगली फील्ड, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध शिकागो कब्ज. पाचवी इनिंग, ४-४ अशी बरोबरी, कब्जच्या बाकावरून रूथवर शिव्यांचा भडिमार. रूथने हात वर करून बोट दाखवलं आणि त्यानंतर कब्जचा पिचर चार्ली रूट याचा चेंडू सेंटर फील्डच्या (मैदानाच्या मधल्या टोकाच्या) पलीकडे भिरकावला. चेंडू कुठे मारणार हे त्याने आधीच दाखवलं, अशी बातमी जो विल्यम्स या पत्रकाराने दिली आणि तीच देशभर पसरली. रूटने ती मरेपर्यंत मानली नाही. रूथने खरंच तसं केलं असतं तर पुढचा चेंडू आपण त्याच्या अंगावर टाकला असता, असं तो म्हणे.

साठ वर्षं हा वाद केवळ आठवणींवर चालला. मग १९९० च्या दशकात शिकागोच्या मॅट कँडल या हौशी छायाचित्रकाराने त्या दिवशी काढलेली फीत जगासमोर आली. पाठोपाठ हॅरल्ड वॉर्प या उद्योजकाची दुसरी फीत आली. दोन्हींत रूथचा हात वर जाताना दिसतो. वॉर्पच्या फितीवरून तो कब्जच्या बाकाला उत्तर देत होता, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही तेच पटतं. तशा गदारोळात बोट दाखवून पुढे तो फटका मारणं हेच पुरेसं थोर आहे, त्याला भविष्यवाणीची जोड कशाला हवी?

टेलिव्हिजन आल्यावर सगळं जपलं जाईल असं वाटावं, पण झालं उलटंच. सुरुवातीला थेट प्रक्षेपण जपायचा एकच उपाय होता: टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावायचा. याला किनिस्कोप म्हणत. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेप आणली. तासाभराच्या रिळाला सुमारे ३०० डॉलर पडत, म्हणून वाहिन्या जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा घेत.

या अँपेक्सला सुरुवातीच्या दिवसांत ५०,००० डॉलरचं बळ दिलं होतं गायक-अभिनेते बिंग क्रॉस्बी यांनी. रेडिओचा कार्यक्रम दर वेळी थेट करण्यापेक्षा आधी मुद्रित करता यावा, ही त्यांची गरज होती. ते पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचे भागीदारही होते. १९६० च्या वर्ल्ड सीरिजमध्ये पायरेट्स यांकीजविरुद्ध सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत पोचले, तेव्हा आपण पाहिलं तर संघ हरेल या धास्तीने क्रॉस्बी पॅरिसला गेले आणि रेडिओवर ऐकत बसले. जाण्याआधी मात्र सामन्याचं किनिस्कोप काढून ठेवायची व्यवस्था त्यांनी केली होती. १३ ऑक्टोबरला नवव्या इनिंगमध्ये बिल मॅझरॉस्कीच्या होमरनने पायरेट्स १०-९ असे जिंकले. सातही सामने मिळून यांकीजच्या धावा ५५, पायरेट्सच्या २७, आणि तरी मालिका पायरेट्सची! वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना शेवटच्या होमरनवर संपल्याचं हे आजवरचं एकमेव उदाहरण.

त्या सामन्याचं पूर्ण प्रक्षेपण उरलंच नाही, असं सगळे धरून चालले होते. डिसेंबर २००९ मध्ये, क्रॉस्बींच्या निधनाला ३२ वर्षं झाल्यावर, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या त्यांच्या घरात वाइनच्या थंड, कोरड्या तळघरात १६ मिलिमीटरची पाच रिळं सापडली. शोधणारा त्यांच्या टीव्ही कार्यक्रमांच्या प्रती धुंडाळत होता, बेसबॉल त्याच्या ध्यानीमनीही नव्हता. पुढच्या वर्षी पिट्सबर्गमध्ये त्या संघातल्या खेळाडूंनी हा सामना पडद्यावर पाहिला. आठव्या इनिंगमध्ये बिल व्हर्डनचा चेंडू खड्यावर उसळून टोनी क्युबेकच्या गळ्यावर आदळला आणि सामना फिरला, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. आता ते क्रमाने, मधल्या रेंगाळणाऱ्या क्षणांसकट, डोळ्यांसमोर होतं.

शोध अजून संपलेला नाही. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी यांकीजच्या डॉन लार्सनने वर्ल्ड सीरिजमध्ये ब्रुकलिन डॉजर्सचे २७ बॅटर ओळीने बाद केले. एकालाही बेसवर पोचू न देण्याचा पराक्रम वर्ल्ड सीरिजमध्ये दुसऱ्या कोणाला साधलेला नाही. त्या सामन्याचं किनिस्कोप एका संग्राहकाच्या हाती लागलं आणि १ जानेवारी २००९ रोजी एमएलबी नेटवर्क ही बेसबॉलची वाहिनी सुरू झाली, त्याच दिवशी तिने हा सामना दाखवला. त्या प्रतीत पहिली इनिंग नाही.