पार्श्वभूमी : मृगाची सर आणि हंगामाआधीची फेरी

वाळूज एमआयडीसीत बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या शॉपचं जाळं पसरत गेलं. त्यातल्याच एका शॉपच्या क्वालिटी विभागात मी २००८ साली लागलो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाचसहा जण फॉर्म्युला वनवर बोलायचो. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर जुन्या इन्स्पेक्शन रजिस्टरच्या कोऱ्या पानावर यंदा कोणता संघ कितवा येईल तो क्रम लिहायचा, सगळ्यांनी सह्या करायच्या आणि हंगाम संपल्यावर ते पान उघडायचं, अशी पद्धत पडली. ते रजिस्टर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हंगाम सुरू होण्याआधी संघाची ताकद ओळखण्याचा हा खटाटोप जगभर चालतो आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. २०२६ मध्ये गाडी आणि इंजिन दोन्हींचे नियम एकदम बदलले, म्हणून तो इतिहास आत्ता पुन्हा उलगडून पाहावासा वाटला.

जागतिक अजिंक्यपद १९५० साली सिल्व्हरस्टोनला सुरू झालं, तेव्हा हंगामाआधी ताडून पाहण्यासारखं फारसं काही नव्हतंच. गाड्या कारखान्यात तयार व्हायच्या, आपापल्या रस्त्यांवर चालवल्या जायच्या आणि शर्यतीच्या दिवशी समोर यायच्या. १९५४ मध्ये मर्सिडीज तर अर्धा हंगाम उलटल्यावर, जुलैत फ्रान्समधल्या रँसला उतरली. चाकांवरूनही पत्रा ओढलेली ती गुळगुळीत गाडी पाहून प्रतिस्पर्ध्यांना काय ते कळलं असेल. फांजिओ पहिला, क्लिंग दुसरा. पदार्पणातच पहिले दोन क्रमांक. हे उदाहरण पुढे पुन्हा लागणार आहे.

अंदाज बांधायला खरा आधार मिळाला तो सत्तरच्या दशकात, कारण तेव्हा गाडीची कल्पनाच बदलली. कॉलिन चॅपमनच्या लोटसने गाडीच्या तळाला उलट्या पंखाचा आकार देऊन तिला हवेच्या जोरावर रस्त्याला चिकटवलं. १९७८ मध्ये लोटस ७९ घेऊन मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेता झाला. साहजिकच १९७९ साठी सगळ्यांचं बोट लोटसकडे होतं. लोटस ८० त्याच कल्पनेची पुढची पायरी होती. पण ती गाडी इतकी बेभरवशाची निघाली की तीनच शर्यती धावली, आणि त्या वर्षी लोटसला एकही विजय मिळाला नाही. हंगामाची सुरुवात गाजवली लिजिए या फ्रेंच संघाने. जाक लाफितने पहिल्या दोन्ही शर्यती जिंकल्या, अर्जेंटिना आणि ब्राझील. ज्याने तेव्हा क्रम लिहिला असेल त्याने लिजिएला डोळे झाकून पहिला लिहिलं असतं. वर्षअखेर फेरारी पहिली, विल्यम्स दुसरी आणि लिजिए तिसरी.

माझे मामा पैठण तालुक्यात कापूस लावतात. मृगाची पहिली सर पडली की गावात पेरणीची घाई सुटते, आणि मामा मात्र वावरात जाऊन हाताने माती उकरतात. ‘वरून भिजलंय, खाली कोरडंच हाय,’ म्हणतात आणि परत येतात. ओल चार बोटं खाली गेली नसेल तर ते सरकीची पिशवी फोडत नाहीत. मराठवाड्यात दुबार पेरणीने किती घरं कर्जात गेली हे इथल्या माणसाला सांगायला नको. लिजिएच्या त्या दोन शर्यतींबद्दल वाचलं तेव्हा मला मामाच आठवले.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत हिवाळी चाचण्यांची, म्हणजे हंगामाआधी ट्रॅकवर गाड्या पळवून पाहण्याची, चाल पडली. चाचणीच्या दिवसांवर फारसं बंधन नव्हतं. फेरारीने तर १९७२ पासून फिओरानोला स्वतःचा ट्रॅक करून ठेवला होता. घड्याळ लावून कुंपणाशी उभा राहणारा पत्रकार हा त्या काळचा ज्योतिषी. आणि त्याचं बरंच खरं ठरायचं. १९९८ मध्ये गाड्या अरुंद झाल्या, टायरवर खाचा आल्या, आणि मॅक्लारेनची नवी गाडी चाचणीतच इतरांपेक्षा वेगळी दिसली. मेलबर्नला, हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत, मॅक्लारेनच्या हाक्किनेन आणि कुल्थार्ड यांनी बाकी सगळ्या गाड्यांना एक फेरी मागे टाकलं.

मग आली २००१ सालची प्रोस्त संघाची गोष्ट. चार वेळचा विश्वविजेता अलाँ प्रोस्त याच्या नावाचा हा फ्रेंच संघ पैशाच्या विवंचनेत होता. हिवाळ्यात बार्सिलोनाला जाँ अलेसीने असे आकडे लावले की मोठ्या संघांच्या बरोबरीने त्यांचं नाव यायला लागलं. हंगामात संघाला मिळाले फक्त ४ गुण. २००२ उजाडताच संघ बंद पडला. हलक्या गाडीने झटपट फेरी मारायची आणि प्रायोजकांच्या डोळ्यांत भरायचं, अशा फेरीकडे त्यानंतर सगळे संशयाने पाहू लागले. हा संशय रास्तच होता, आणि आठ वर्षांनी त्याच संशयाने सगळ्यांना चकवलं.

डिसेंबर २००८ मध्ये, जगभरच्या मंदीत, होंडाने फॉर्म्युला वन सोडत असल्याचं जाहीर केलं. ब्रॅकलीच्या कारखान्यातली शेकडो माणसं अधांतरी लटकली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात संघाचा प्रमुख रॉस ब्रॉन याने तो संघ एका पौंडाच्या नाममात्र किमतीला विकत घेतला. होंडाचं इंजिन गेलेलं, म्हणून मर्सिडीजचं इंजिन गाडीत बसवलेलं. अंगावर जवळपास एकही जाहिरात नसलेली पांढरी गाडी बार्सिलोनाला उतरली आणि लगेच सगळ्यांच्या वर गेली. आमच्या जेवणाच्या टेबलावर तेव्हा एकच सूर होता: पैसे नाहीत, प्रायोजक शोधतायत, टाकी रिकामी ठेवून पळतायत. प्रोस्तचा दाखला कुणीतरी दिलाच. मी ब्रॉनच्या संघाला सातवा लिहिला. रजिस्टरमध्ये तो आकडा आहे.

२९ मार्चला मेलबर्नची शर्यत आपल्याकडे रविवारी सकाळी साडेअकराला होती. ब्रॉनच्या संघाचा बटन पहिला, बॅरिकेलो दुसरा. पदार्पणात पहिले दोन क्रमांक मिळवणारा, रँसच्या मर्सिडीजनंतरचा हा पहिला संघ, मध्ये पंचावन्न वर्षं. पहिल्या सातपैकी सहा शर्यती बटनने जिंकल्या आणि वर्षअखेर चालकाचं आणि संघाचं अशी दोन्ही अजिंक्यपदं त्या संघाकडे गेली.

आम्ही कुठे चुकलो? आकडे तर समोर होते. चूक अशी की आम्ही पैसा पाहिला आणि नियम पाहिले नाहीत. २००९ साठी गाडीला रस्त्याला चिकटवणाऱ्या हवेच्या दाबाचे नियम पार बदलले होते. होंडाने २००८ चा हंगाम जवळजवळ सोडून देऊन आपली सगळी ताकद पुढच्या गाडीत ओतली होती, त्या वर्षी ते नववे आले ते उगीच नाही. मागच्या डिफ्यूझरमध्ये, म्हणजे तळाखालची हवा मागून बाहेर सोडणाऱ्या भागात, दोन मजले करण्याची पळवाट त्यांनी शोधली होती. टोयोटा आणि विल्यम्सकडेही ती होती. तक्रारी झाल्या, पण १५ एप्रिलला अपील न्यायालयाने ती नियमात बसते असा निकाल दिला. म्हणजे ब्रॉनची ओल हिवाळ्यात नव्हे, त्याच्याही वर्षभर आधी मुरली होती.

त्याच वर्षापासून हंगाम चालू असताना चाचणी करायला बंदी आली आणि हिवाळ्यातल्या थोड्या दिवसांचं मोल एकदम वाढलं. २०१४ मध्ये बारा दिवस होते, २०१९ मध्ये आठ, आणि २०२१ मध्ये बहरीनला फक्त तीन.

इथे क्वालिटीतल्या माणसाला एक गोष्ट लगेच खटकते. आमच्याकडे नवीन गेज, म्हणजे माप घ्यायचं साधन, आलं की आधी गेज आर अँड आर करतात. म्हणजे तेच जॉब वेगवेगळ्या हातांनी मोजून, मोजमापातच किती फरक येतो ते पाहायचं. हा फरक टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या तफावतीच्या, जवळ गेला तर ते गेज लाइनवर द्यायचं नाही. चाचणीतल्या फेरीची वेळ हे असलंच नापास गेज आहे. दहा किलो इंधन जास्त असेल तर बार्सिलोनासारख्या ट्रॅकवर फेरीमागे साधारण तीन दशांश सेकंद जातात. भरलेली टाकी आणि जवळजवळ रिकामी टाकी यांत तीन सेकंदांचा फरक पडू शकतो. आणि गेल्या काही वर्षांत पहिल्या व शेवटच्या गाडीतलं पात्रता फेरीतलं (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीतलं) अंतर पुष्कळदा दीड सेकंदाच्या आतबाहेर असतं. जे मोजायचं त्याच्या दुप्पट चूक मोजपट्टीतच! वर टायरचा प्रकार, इंजिनचा मोड, दुपारचा तापलेला ट्रॅक की संध्याकाळचा थंड, वारा कुठून, हे सगळं वेगळंच.

म्हणून जाणकार एका फेरीकडे न बघता लांब पल्ल्याकडे बघायला लागले. बहरीनचा ट्रॅक ५.४१२ किलोमीटरचा, शर्यत ५७ फेऱ्यांची. एखाद्या संघाने मध्ये फक्त टायर बदलत सगळ्या ५७ फेऱ्या एका दमात मारल्या तर सुरुवातीला टाकीत किमान शर्यतीपुरतं इंधन असणारच, ते लपवता येत नाही. दर फेरीला पावणेदोन-दोन किलो इंधन जळतं, म्हणजे गाडी दर फेरीला सुमारे सहा शतांश सेकंदाने वेगवान व्हायला हवी. वेळ तशीच राहिली तर तेवढी टायरने खाल्ली. दोन संघांच्या अशा फेऱ्या एकाच दिवशी, एकाच वेळी झाल्या असतील तर त्यांची तुलना करण्यात अर्थ आहे. मी पाहिलेली ही एकच पद्धत, जी खरोखर माती उकरते.

दुसरी पद्धत त्याहून साधी: किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं. २०१४ मध्ये विजेच्या मोटरची जोड असलेली व्ही-सहा हायब्रिड इंजिनं आली आणि स्पेनमधल्या हेरेझला चाचणीच्या चार दिवसांत मर्सिडीजने तीनशेच्या वर फेऱ्या मारल्या. सलग चार वर्षं विजेत्या असलेल्या रेड बुलच्या झाल्या २१. त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजने जिंकल्या. मात्र रेड बुल बुडणार हेही अनेकांनी लिहिलं होतं, आणि तो संघ रिकार्डोच्या तीन विजयांसह दुसरा आला. फेऱ्या मोजून इंजिनची तब्येत कळते. बिघाड दुरुस्त झाल्यावर ती गाडी किती पळेल हे त्यातून कळत नाही.

भारतीय म्हणून एक शर्यत विसरता येत नाही. २०१० मध्ये करुण चंढोकने एचआरटी संघातून बहरीनला पदार्पण केलं. त्या संघाने हिवाळ्यात एकही चाचणी केली नव्हती आणि चंढोकची गाडी पहिल्यांदा चालली ती थेट पात्रता फेरीत. शर्यत दुसऱ्याच फेरीत संपली. तिथे अंदाजाची गरजच नव्हती. उलट फोर्स इंडियाने २००९ मध्ये बेल्जियमच्या स्पाला सगळ्यांची मती गुंग केली. तोवर या संघाच्या नावावर एकही गुण नव्हता. फिसिकेला थेट पहिल्या जागेवरून सुटला आणि फेरारीच्या रायकोनेनच्या मागे सेकंदभराने दुसरा आला. हवेचा दाब कमी लागणाऱ्या, लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर ती गाडी फार वेगळी होती. संघाला एकच क्रमांक देऊन मोकळं होण्यातली चूक त्या दिवशी मला कळली.

२०१९ ने आमच्या टेबलाचं मत कायमचं बदललं. बार्सिलोनाच्या चाचणीत फेरारीच्या फेटेलची सर्वोत्तम वेळ १ मिनिट १६.२२१ सेकंद, मर्सिडीजच्या हॅमिल्टनची १६.२२४. तीन सहस्रांश! तरीही फेरारी पुढे आहे असंच जवळपास सगळे म्हणत होते, कारण दोन आठवडे ती गाडी सहज पळताना दिसत होती. मर्सिडीजने दुसऱ्या आठवड्यात गाडीचं बरंचसं बाह्यरूप बदलून आणलं, त्याकडे कमी लोकांनी लक्ष दिलं. मेलबर्नला मर्सिडीजचा बोटास वीस सेकंदांनी जिंकला, फेटेल चौथा. पहिल्या पाचही शर्यतींत पहिले दोन क्रमांक मर्सिडीजचे.

२०२२ मध्ये तळाखालची हवा परत आली, चॅपमनच्या काळातली. सरळ रस्त्यावर गाड्या खालीवर आपटू लागल्या आणि वाऱ्याच्या बोगद्यात (तिथे गाडीच्या प्रतिकृतीवर वारा सोडून पाहतात) हे कुणालाच नीट दिसलं नव्हतं. सलग आठ वर्षं विजेता असलेला मर्सिडीज संघ तिसऱ्यावर गेला, वर्षभरात एक विजय. पुढच्या वर्षी बहरीनच्या चाचणीत ॲस्टन मार्टिन चमकली आणि त्यांचा अलोन्सो पहिल्या आठपैकी सहा शर्यतींत पहिल्या तिघांत होता. मॅक्लारेनने हंगामाआधीच आपण ठरवलेलं गाठलं नसल्याचं मान्य केलं होतं आणि पहिल्या दोन शर्यतींत त्यांना एकही गुण नव्हता. जुलैत ऑस्ट्रियाला त्यांनी गाडीत मोठे बदल केले. वर्षअखेर मॅक्लारेन चौथी, ॲस्टन मार्टिन पाचवी. २०२४ चं संघांचं अजिंक्यपद मॅक्लारेनचं, फेरारीपेक्षा १४ गुणांनी, आणि २०२५ चंही त्यांचंच.

यामागे नियमांचाही हात आहे. २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली. वाऱ्याच्या बोगद्यात मिळणारा वेळ क्रमवारीच्या उलट वाटला जातो: पहिल्या संघाला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के, दहाव्याला ११५ टक्के. जूनअखेरच्या क्रमवारीवर हा वाटा पुन्हा ठरतो. फेब्रुवारीत बांधलेला अंदाज त्यामुळे पूर्वीइतका टिकत नाही. आमच्या रजिस्टरमध्ये २०२३ पासून प्रत्येक संघापुढे दोन आकडे आहेत, एक मार्चचा आणि एक डिसेंबरचा.

२०२६ मध्ये विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० वर गेली, म्हणजे जवळपास अर्धा जोर बॅटरीचा. पंख चालत्या गाडीत उघडझाप करतात. ऑडीने सॉबर घेतला, कॅडिलॅक अकरावा संघ म्हणून आला, होंडा ॲस्टन मार्टिनकडे गेली. चाचण्याही वाढल्या. बार्सिलोनात बंद दाराआड पाच दिवस, त्यातले एका संघाला तीनच, आणि मग बहरीनला दोनदा तीन-तीन दिवस. टाकीत किती आहे याच्या जोडीला आता बॅटरी कुठे रिकामी केली, हेही बाहेरून दिसत नाही.

त्यामुळे यंदा पान आखताना आम्ही रकाने बदलले. एकूण फेऱ्या, सगळ्यात लांब सलग पल्ला, त्या पल्ल्यातली पहिली आणि शेवटची वेळ, आणि त्याच इंजिनचे बाकीचे संघ किती धावले. सर्वोत्तम फेरीचा रकाना २०१९ नंतरच काढून टाकला होता, तो परत घातलेला नाही.