गेम बंद पडला की लॅपटॉप?

'गेम क्रॅश होतो' या तीन शब्दांत निदान चार वेगवेगळे बिघाड मावतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. म्हणून आधी नेमकं काय बंद पडलं ते बघायचं. गेमची खिडकी गायब होऊन थेट डेस्कटॉप समोर आला? पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत आला, पण गेम मेलेला होता? निळा पडदा आला (विंडोज ११ च्या २०२५ पासूनच्या अपडेटमध्ये तो काळा असतो) आणि मशीन पुन्हा सुरू झालं? की लाईट जावी तसा लॅपटॉप एका क्षणात ठार बंद?

पहिल्या प्रकारात संशय गेमच्या फाइल्स, मेमरी किंवा एखाद्या आगंतुक सॉफ्टवेअरवर असतो. दुसऱ्यात ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर. तिसऱ्यात ड्रायव्हर, रॅम किंवा प्रोसेसर. चौथा प्रकार बहुतेक वेळा वीजपुरवठ्याचा असतो, क्वचित उष्णतेचा. हे न पाहता बहुतेक जण थेट विंडोज नव्याने टाकतात. दिवस जातो, सेव्ह केलेले गेम जातात आणि आठवड्याने तोच क्रॅश परत हजर होतो.

मशीन स्वतः पंचनामा लिहून ठेवतं, तो आधी वाचावा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत टाइप केला की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडते. तारखांच्या खाली लाल फुल्या दिसतात. फुली असलेल्या दिवसावर क्लिक केलं की कोणता प्रोग्रॅम कधी पडला ते कळतं. अधिक खोलात जायचं तर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'विंडोज लॉग्ज' उघडा. तिथल्या 'अ‍ॅप्लिकेशन' भागात १००० क्रमांकाची नोंद शोधा. 'फॉल्टिंग मॉड्यूल' या ओळीत नेमकी कोणती फाइल कोसळली ते लिहिलेलं असतं. गेमचीच फाइल असेल तर एक दिशा, ग्राफिक्स ड्रायव्हरची असेल तर दुसरी. 'सिस्टिम' भागात ४१०१ क्रमांक दिसला तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर तिला रीसेट करायचं, हा नियम विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे. पडदा काळा होऊन परत येतो तो यामुळेच.

एका नोंदीने मात्र खूप लोकांची दिशाभूल होते: 'कर्नल-पॉवर ४१'. नावात पॉवर आहे म्हणून लोक नवा चार्जर आणतात. ही नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ती मशीन परत सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि कारण तिला ठाऊक नसतं. तिच्या आसपास 'व्हीया-लॉगर'ची (WHEA-Logger) १८ क्रमांकाची नोंद असेल तर मात्र गांभीर्याने घ्यावं, कारण ती नोंद हार्डवेअरने स्वतः दिलेली कबुली असते.

आता उष्णतेकडे येऊ. मुंबईत या विषयावरचं बोलणं इथेच सुरू होतं आणि इथेच संपतं. लॅपटॉप गरम झाला म्हणून गेम बंद पडला, हे अर्धं खरं आहे. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपा साधारण ८७ अंशांना स्वतःला आवरतात. मर्यादा आली की चिप वेग कमी करते. गेम अडखळतो, फ्रेम्स १०० वरून ४५ वर येतात, पण गेम चालू राहतो. त्यामुळे ९५ अंश हा आकडा दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. पातळ गेमिंग लॅपटॉपमध्ये तो रोजचा आहे. नुसत्या उष्णतेने मशीन बंद व्हायचं तर पंखा अडकणं, हीटसिंकचा, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचा, स्क्रू ढिला असणं असं काहीतरी मोठं घडलेलं असतं.

मग उष्णतेने क्रॅश होतो तो कसा? ४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या दोन ठोक्यांमधलं अंतर पाव नॅनोसेकंद असतं. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसात सेंटिमीटरच जातो. प्रत्येक ठोक्याला चिपमधला संदेश एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे. व्होल्टेज किंचित घसरलं की ट्रान्झिस्टर मंदावतात आणि संदेश उशिरा पोहोचतो. शून्याच्या जागी एक वाचला जातो आणि प्रोग्रॅम कोसळतो. कंपनी यासाठी व्होल्टेजमध्ये थोडी पदरची सूट ठेवते. चिप तापली की तिच्यातून झिरपणारी वीज वाढते, पुरवठ्यावरचा ताण वाढतो आणि ही सूट आकसते. ज्या मशीनमध्ये ती मुळातच कमी उरलेली असते, ते उन्हाळ्यात बंद पडतं आणि जानेवारीत सुरळीत चालतं.

मुंबईच्या हवेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. दमट हवेत आपला घाम वाळत नाही म्हणून जीव कासावीस होतो. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याच्या पंख्याला फरक पडतो तो फक्त हवेच्या तापमानाचा. ठरावीक वॉटवर, ठरावीक पंख्याच्या वेगाला, चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहते. २३ अंशांच्या एसी खोलीत ती ८० वर असेल, तर मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत ९० वर जाईल. त्या दृष्टीने मुंबईतला लॅपटॉप चंद्रपूरच्या ४५ अंशांतल्या लॅपटॉपपेक्षा सुखात असतो. आपल्या दमटपणाचा त्रास दुसरीकडून होतो. धूळ ओलसर होऊन चिकटते, आणि समुद्राजवळच्या घरांत खारट हवा पितळी-तांब्याचे संपर्क काळवंडवते. पावसाळ्यात २९ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २५ अंशांवर येतो. २२ अंशांच्या एसीत रात्रभर राहिलेला लॅपटॉप सकाळी उचलून एसी नसलेल्या खोलीत नेला तर त्याच्यावर, आणि आतही, दव धरू शकतं. सुरू करण्याआधी त्याला अर्धा तास तसाच पडू द्यावा.

धूळ कुठे साचते हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. बाहेरच्या जाळीवर ती फारशी नसते. मागचं झाकण काढून पंख्यावरचं आवरण उचललं की पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्या यांच्यामध्ये करड्या नमद्यासारखी एक पट्टी दिसते. चिमट्याने धरली तर ती कापडासारखी अखंड निघते. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, उलट पात्यांत घट्ट बसते. व्हॅक्युम क्लीनर लावू नये. त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते आणि पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. रीत अशी: मशीन पूर्ण बंद करायचं, झाकण काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा आणि मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाकायची. झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की मदरबोर्डला इजा होते. पंख्याचं पातं बोटाने धरून मऊ ब्रशने पट्टी सोडवावी.

चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायची की नाही, हेही आकड्यांवरून ठरवावं. 'एचडब्ल्यू-इन्फो' या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचा एक कोअर (त्यातला एक स्वतंत्र गाभा) बाकीच्यांपेक्षा सातत्याने १२-१५ अंश गरम दिसत असेल, तर त्या जागची पेस्ट बाजूला सरकली आहे. लॅपटॉपमधल्या चिपवर धातूची टोपी नसते. सिलिकॉन आणि तांबं तापून-निवून वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. त्यापेक्षा सुमारे ४५ अंशांना मऊ होणारी फेज-चेंज शीट जास्त टिकते. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडं थोडं पिळावं. ग्राफिक्स मेमरीवरचे थर्मल पॅड मूळ जाडीचेच हवेत. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा बसवला तर हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. पेस्टच्या जागी चमकणारा द्रव धातू दिसला तर पुढे हात लावू नये. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि बोर्डवर सांडलं तर शॉर्ट सर्किट होतं.

ठार बंद होणाऱ्या लॅपटॉपबद्दल थोडं. गेमिंग लॅपटॉपचा २३० वॉटचा अ‍ॅडॅप्टर २० व्होल्टला साडेअकरा अँपिअर देतो. गेममध्ये क्षणभर त्याहून जास्त लागलं तर वरची भर बॅटरी घालते. बॅटरी म्हातारी झाली की ती भर पडत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवर-सी-एफ-जी', जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' असा इंग्रजीत हुकूम दिला की एक अहवाल तयार होतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' ताडून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर संशयाला जागा आहे. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण फुगलं तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी वापर थांबवावा, गेमचं नंतर बघू. अ‍ॅडॅप्टर ढिल्या एक्स्टेंशन बोर्डात न लावता भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावून एकदा खेळून पाहावं. टाइप-सीच्या ६५ वॉटच्या चार्जरवर मोठा गेम खेळू नये.

मेमरीबाबत एक सापळा इतका सर्रास आहे की त्याच्याकडे आधी बघावं. एसएसडी झिजते म्हणून पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर राखून ठेवतं ती जागा) बंद करा, असा जुना सल्ला अजून फिरतो. १६ जीबीच्या मशीनवर तो पाळला की टास्क मॅनेजर १२ जीबीच वापरात दाखवतो आणि तरीही गेम पडतो. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'खाली 'कमिटेड' हा आकडा असतो, उदाहरणार्थ १५.६/१५.८. प्रोग्रॅमना कबूल केलेली मेमरी आणि कबूल करता येण्याची मर्यादा, असे ते दोन आकडे. मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. ती भरली की पुढची मागणी नाकारली जाते आणि गेम कोसळतो. पेजफाइल 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वर ठेवावी आणि सी ड्राइव्हवर २५-३० जीबी मोकळे असू द्यावेत.

रॅमच तपासायची तर 'मेमटेस्ट ८६' पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चार फेऱ्या चालवाव्यात. एकही चूक निघाली तर ती चूकच. 'एकच तर आहे' असं म्हणून चालत नाही. मग एकेक रॅम काढून पुन्हा चाचणी. संपर्कांच्या सोनेरी कडेला काळपट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घट्ट बसवून बघावी. पावसाळ्यानंतर एवढ्यानेच बरीच मशीन्स ठीक होतात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात नवी घ्यायला जाताना जुनी सोबत न्यावी. डीडीआर ४ लॅपटॉपची रॅम २६० पिनांची आणि १.२ व्होल्टची, डीडीआर ५ ची २६२ पिनांची आणि १.१ व्होल्टची. खाच वेगळी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

४१०१ ची नोंद वारंवार दिसत असेल तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' वापरून सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळापासून काढावा. नवा टाकताना इंटरनेट बंद ठेवावं, नाहीतर विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर घुसवतं. नव्यात क्रॅश सुरू झाला असेल तर दोन आवृत्त्या मागे जावं. ग्राफिक्स चिपच्या उत्तरासाठीची ती दोन सेकंदांची मुदत विंडोजच्या रजिस्ट्रीत वाढवण्याचा सल्ला गेमसाठी निरुपयोगी आहे. अडकलेली चिप दहा सेकंदांनीही अडकलेलीच असते.

ड्रायव्हर बदलूनही थांबलं नाही तर एक चाचणी फार मोलाची आहे. 'एमएसआय आफ्टरबर्नर' या प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्स चिपचा वेग (कोअर क्लॉक) १०० ते १५० मेगाहर्ट्झने खाली आणा आणि तोच गेम, तोच प्रसंग तासभर खेळा. क्रॅश थांबला तर वर सांगितलेली व्होल्टेजची सूट अपुरी पडते आहे, म्हणजे दोष हार्डवेअरचा. तसंच प्रोसेसरसाठी पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केलं की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. एकाच हीटपाइपवर दोन्ही चिपा असल्या तर याने ग्राफिक्सही थंड होतं. आणि कधीकाळी अंडरव्होल्ट केलं असेल, म्हणजे चिपचं व्होल्टेज मुद्दाम कमी केलं असेल, तर ते आधी शून्यावर आणा. तापमान उतरवण्यासाठी केलेला तो उपाय याच सुटीतून वजा होतो, आणि त्याचे क्रॅश भार एकदम बदलतो तिथे, म्हणजे लोडिंगच्या पडद्यावर, येतात.

वेळही बोलकी असते. लॅपटॉपचं तापमान साधारण १५-२० मिनिटांत स्थिरावतं. त्यामुळे दर वेळी तास-दीड तासाने येणारा क्रॅश उष्णतेचा नसून बहुधा मेमरी भरत जाण्याचा असतो. एकच गेम पडत असेल तर स्टीममध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स'खाली 'व्हेरिफाय' करावं, मॉड्स (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) काढावेत, ओव्हरले (गेमवर तरंगणाऱ्या इतर प्रोग्रॅमच्या खिडक्या) बंद करावेत. याला अर्धा तास पुरतो.

२०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे गेम कोसळत होते. ते दुखणं लॅपटॉपच्या चिपांना नाही, असं इंटेलने तेव्हाच सांगितलं. त्यावरचे बायोसचे (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीतले) तोडगे लॅपटॉपवर करू नयेत.

पडद्यावर रंगीत ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, आणि तेही बायोसच्या पडद्यावर दिसत असतील तर ग्राफिक्स मेमरी किंवा चिप गेली आहे. वॉरंटी असेल तर काहीही न उघडता मशीन सर्व्हिस सेंटरला द्यावं, सोबत रिलायबिलिटी हिस्टरीचे स्क्रीनशॉट आणि मेमटेस्टचा निकाल. वॉरंटी संपली असेल आणि दुकानदार 'चिप भाजून देतो' म्हणाला तर पैसे घालू नयेत. दोष बहुधा चिपच्या आतल्या सूक्ष्म जोडांत असतो. भाजल्यावर ते काही आठवडे चिकटतात आणि पुन्हा सुटतात.