स्विमिंग पूलच्या पाण्यातले धातू

बंगल्याच्या किंवा फार्महाऊसच्या पूलमध्ये धातूंचा त्रास म्हणजे मुख्यतः तिघांचा: लोखंड, तांबं आणि मँगनीज. लोखंडाने पाणी चहासारखं तपकिरी होतं, तांब्याने हिरवट-निळसर आणि मँगनीजने काळपट-जांभळट डाग पडतात. गंमत अशी की पूल भरताना पाणी अगदी नितळ असतं, कारण जमिनीखाली ऑक्सिजन कमी, त्यामुळे बोअरच्या पाण्यातलं लोखंड विरघळलेलं आणि बिनरंगी राहतं, मग क्लोरीन पडला की त्याचा गंज होतो आणि तासाभरात सगळा पूल बदलतो. लोक टँकरवाल्याला शिव्या घालतात, पण बऱ्याचदा पाणी आपल्याच बोअरचं असतं.

आकडे छोटे वाटतात. साधारण ०.३ पीपीएमच्या (एका लिटरमागे मिलिग्रॅम) पुढे लोखंडाचे डाग दिसायला लागतात. ४०,००० लिटरच्या पूलमध्ये १ पीपीएम म्हणजे ४० ग्रॅम लोखंड, आणि उन्हाने पाणी उडतं पण धातू तिथेच राहतो, वर आपण परत बोअरचंच पाणी भरतो, त्यामुळे प्रमाण हळूहळू चढतच जातं. बोअरची जुनी केसिंग (आतला लोखंडी पाइप) आणि गंजलेले जीआय पाइप यात आणखी भर घालतात.

तांबं मात्र बहुतेक वेळा आपणच आणतो. शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायची सवय आपल्याकडे जुनी, द्राक्षवाल्यांकडे बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीनाशक फवारणी) तो असतोच. मोरचुदात वजनाच्या साधारण पाव हिस्सा तांबं असतं, म्हणजे वरच्याच पूलमध्ये १०० ग्रॅम टाकला की ०.६ पीपीएमच्या आसपास तांबं झालं, आणि दर महिन्याला टाकत राहिलं तर ते साठत जातं. दुसरं कारण म्हणजे आम्लधर्मी पाणी. टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) गोळ्या पीएच खाली खेचतात, त्या स्किमरमध्ये (वरचा कचरा ओढणाऱ्या कडेच्या खिडकीत) ठेवल्या तर तेच आम्लधर्मी पाणी हीटरच्या तांब्याच्या नळ्यांतून जातं आणि त्या खात राहतं. पांढरे किंवा ब्लीच केलेले केस पूलमध्ये हिरवट होतात त्याचा दोष क्लोरीनला दिला जातो, खरं तर ते काम तांब्याचं.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो चुकीच्या निदानाने. पाणी हिरवं दिसलं की शेवाळ समजून शॉक डोस (एकदम भरपूर क्लोरीन) मारतात, धातू असेल तर रंग उलट गडद होतो. पाणी हिरवं पण तळ स्पष्ट दिसतोय तर धातूचा संशय घ्यायचा, गढूळ असेल आणि भिंत बुळबुळीत लागत असेल तर शेवाळ. डागासाठी व्हिटॅमिन सीची गोळी मिनिटभर डागावर दाबून धरायची, फिका पडला तर बहुधा लोखंड. बोअरचं पाणी मात्र पूल भरायच्या आधीच लॅबमध्ये तपासावं, खर्च किरकोळ आहे.

उपाय दोन तऱ्हेचे आहेत आणि दुकानदार सहसा पहिलाच विकतो. सीक्वेस्ट्रंट धातूला पाण्यात धरून ठेवतं, डाग पडू देत नाही, पण धातू पूलमधून जात नाही आणि क्लोरीन ते औषध हळूहळू मोडतो, म्हणून पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. लोखंड खरंच बाहेर काढायचं असेल तर क्लोरीनने त्याचा गंज होऊ द्यायचा, तुरटी किंवा पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड, तुरटीसारखंच गाळ बसवणारं) टाकून पंप बंद ठेवायचा, रात्रभर गाळ बसला की व्हॅक्यूमने तो थेट वेस्टला (बाहेरच्या निचऱ्यात) काढायचा, फिल्टरमधून नाही, नाहीतर बारीक गाळ वाळूतून परत पूलमध्ये येतो. तांब्याचं प्रमाण फार वाढलं तर थोडं पाणी काढून बिनधातूचं पाणी भरणं हाच सरळ मार्ग. जुन्या डागांसाठी क्लोरीन जवळपास शून्यावर आणून एस्कॉर्बिक ॲसिड (व्हिटॅमिन सी) वापरतात, ४०,००० लिटरला अर्धा किलोच्या आसपास, मग लगेच सीक्वेस्ट्रंट, आणि क्लोरीन हळूहळू वर न्यायचा, घाई केली तर डाग परत येतात.

बोअरमध्येच लोखंड असेल तर भरणाऱ्या लाइनवर आयर्न रिमूव्हल फिल्टर बसवणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवला तर तांब्याच्या नळ्याही टिकतात. तांबं असलेलं पाणी ओढ्यात किंवा शेततळ्यात सोडू नये, माशांना ते अगदी कमी प्रमाणातही मारक असतं.