एकच 'रॅट', दोन अर्थ

संगणकवाल्यांच्या तोंडी 'रॅट' दोन अर्थांनी येतो. एक रिमोट ॲडमिनिस्ट्रेशन टूल: लांबच्या मशीनचा स्क्रीन, माऊस, कीबोर्ड ताब्यात देणारं साधन. दुसरा रिमोट ॲक्सेस ट्रोजन: तेच काम मालकाच्या नकळत करणारा भामटा. आद्याक्षरं सारखी, आणि पंचाईत अशी की आतलं कामही बरंचसं सारखंच. स्क्रीन टिपायचा, पलीकडे पाठवायचा, तिकडून आलेल्या कळा इकडे दाबायच्या.

यावरून गाजलेलं भांडण बॅक ओरिफिसचं, म्हणजे विंडोजचं मशीन लांबून ताब्यात घेणाऱ्या एका प्रोग्रामचं. ऑगस्ट १९९८ मध्ये लास वेगासच्या डेफ कॉन संमेलनात 'कल्ट ऑफ द डेड काऊ' या हॅकर मंडळींनी ते बाहेर काढलं. नाव म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या 'बॅकऑफिस' या सर्व्हर सॉफ्टवेअरची उघड टिंगल. वर्षभराने बॅक ओरिफिस २००० आलं, तेही सोर्स कोडसकट. (त्या वर्षीच्या डेफ कॉनमध्ये त्याच्या वाटलेल्या सीडींमध्येच सीआयएच नावाचा व्हायरस निघाला, ही शोभा वेगळी.) टीकेची झोड उठली तेव्हा बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की हे ॲडमिन टूलच आहे, लपून चालणं हा गुन्हा असेल, तर ऑफिसातली मशीनं सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हरही वापरणाऱ्याला पत्ता लागू न देता रिमोट कंट्रोल घेऊ देतं की!

टोला नेमका बसला, हे मान्य. तरी मला तो अर्धाच पटतो. ऑफिसच्या मशीनवर ऑफिसचा ॲडमिन, म्हणजे मशीनं सांभाळणारा माणूस, साधन बसवतो, तेव्हा निदान मशीनच्या मालकाला ते ठाऊक असतं. मूळ बॅक ओरिफिसची फाइल उघडली की काहीही न विचारता ते विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये जाऊन बसे, आणि तिथे त्याचं नाव काय? एक मोकळी जागा, मग टिंब, मग 'ईएक्सई'. यादीवरून नजर फिरवणाऱ्याला दिसूच नये अशी ही सोय. ॲडमिनला स्वतःच्याच मशीनवर असलं नाव कशाला लागतं?

याउलट व्हीएनसी. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेतून आलेलं हे रिमोट कंट्रोलचं साधन विंडोजवर घड्याळाशेजारी आपलं चिन्ह ठेवायचं आणि कोणी जोडलं गेलं की चिन्हाचा रंग बदलायचा. लबाडी नाही. पण भक्कमही नाही: जुन्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जात, आणि पुढचं सत्र एन्क्रिप्शनविना चाले.

इथे डेव्हलपर मंडळी हमखास घसरतात. 'तुमचं साधन कच्चं आहे' आणि 'तुमचं साधन लबाड आहे' या दोन वेगळ्या तक्रारी, पण दोन्हींना उत्तर एकच ठोकून देतात: चाकूने भाजीही चिरतात. पहिल्या तक्रारीला उत्तर कोड दुरुस्त करून द्यायचं असतं. दुसऱ्या तक्रारीत प्रश्न अगदी साधे असतात. चिन्ह लपवता येतं का? इन्स्टॉल होताना विचारतं का? काढून टाकलं की खरंच जातं का? अँटिव्हायरसवाल्यांनीही मधला मार्ग काढला आहे. कॅस्परस्की अशा सरळ साधनांवर 'नॉट-अ-व्हायरस: रिमोटॲडमिन' असा शिक्का मारतं. डेव्हलपर चिडतात, पण शिक्का रास्त आहे, कारण घुसखोरही हीच सरळ साधनं गुपचूप बसवून जातात.

आणि चिन्ह दिसत असलं, परवानगी विचारली गेली, तरी एक फट उरतेच. फोनवरचा भामटा 'बँकेतून बोलतोय' म्हणतो, आणि समोरचा माणूस स्वतःच्या हाताने 'परवानगी द्या' दाबतो. त्या क्षणी साधन सज्जनच असतं.